खासगी फोटो पसरवले, तर पोलीस ठाण्यात जातानाच वकील हवा का?

कर्वेनगरकर: आमच्या शेजारच्या पीजीतल्या मुलीचे खासगी फोटो तिच्या जुन्या मित्राने इन्स्टाग्रामवर टाकले. ती चौकीत गेली. साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारून दिला. तिला वाटलं गुन्हा दाखल झाला. एफआयआर झालाच नव्हता! माझं ठाम मत आहे, पहिल्या पायरीलाच वकील सोबत हवा. पैशाची अडचण सांगू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

नदीकाठ: पटत नाही. वकील मिळेपर्यंत फोटो कुठल्या कुठे जातील. आधी ते उतरवा. २०२१च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर फोटो उतरवायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली होती, २०२६मध्ये ती दोन तासांवर आणली; ती तक्रार मुलगी स्वतः करू शकते. असे फोटो रोखणाऱ्या स्टॉपएनसीआयआय या वेबसाइटवर तर फोटो फोनबाहेर जातही नाही, फक्त त्याचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा जातो. गावाकडे आईवडिलांना कळेल या धास्तीत असलेल्या मुलीला कोर्टाची पायरी कशाला दाखवता?

कर्वेनगरकर: उतरवा ना, पण आधी पुरावा ठेवा. पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. घाबरून चॅट डिलीट करू नका.

शनिवारपेठी: मुलाला बोलावून समज द्या, माफीनामा लिहून घ्या. पोराचं करिअर उद्ध्वस्त करून काय मिळणार?

कोर्टातली: काका, माफीनाम्याने दुसऱ्यांच्या फोनमधले फोटो पुसले जात नाहीत. आणि करिअर तिचंही आहे.

मी वकिली करते म्हणून सांगते, अर्जात काय लिहिलंय यावर बरंच ठरतं. ‘फोटो तूच पाठवलेस ना?’ असं विचारून मुलींना गप्प करतात. पण पाठवायची संमती म्हणजे पसरवायची संमती नव्हे. नुसतं आयटी कायद्याचं खासगीपणाच्या भंगाचं कलम ६६ई लागलं, तर कमाल तीन वर्षं शिक्षा आणि गुन्हा जामीनपात्र. मजकूर उघड लैंगिक असेल, तर ६७ए लागतं. तिथे पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा, दहा लाखांपर्यंत दंड, आणि जामीन हक्काने मिळत नाही. धमकी देऊन पैसे मागितले असतील, तर खंडणीचं कलम वेगळं. हे सगळं रडवेल्या मुलीने एकटीने ठाण्यात सांगायचं?

नदीकाठ: ताई, कलमांचं मान्य. पण रात्री अकराला फोटो दिसले, तर वकील कुठून आणायचा?

कोर्टातली: रात्री सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार टाका. बायका-मुलांवरच्या गुन्ह्यांची माहिती तिथे नाव न देताही देता येते. मात्र खटला चालवायचा तर पुढे नावानिशी जबाब द्यावाच लागतो, त्या दिवशी मी सोबत असेन. ठाण्याने टाळाटाळ केली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी कळवायचं, तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

नदीकाठ: तरी माझा क्रम तोच. स्क्रीनशॉट, मग फोटो उतरवणं, मग तुम्ही.