कोरोनानंतर उभारलं की धडधड, रिपोर्ट सगळे नॉर्मल : मदत हवी आहे

धाकटा भाऊ, वय 34, सोलापूर एमआयडीसीत पॉवरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारा). बीपी, शुगर, तंबाखू काही नाही. तीन महिन्यांपूर्वी कोरोना झाला, पाच दिवस ताप, घरीच बरा झाला. तेव्हापासून एकच तक्रार : "पडून राहिलं की बरं असतंय दादा, उभारलं की धडधडायलंय." (पुणेकरांसाठी : आमच्याकडे गुढीच नाही, माणूसही उभारतो.)

त्याचं कामच बारा तास उभं राहण्याचं. मागच्या आठवड्यात सुताचा तुटलेला तार जोडताना डोळ्यांपुढे अंधारी आली, मागाला धरून खाली बसला. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. शेठला वाटतं नाटक करतोय. आईनं मात्र हृदयाचं दुखणं धरून त्याचं मीठ तोडलंय, शेंगाचटणीसुद्धा बंद.

काल कपाटातला 2020 चा ऑक्सिमीटर काढला. झोपलेला असताना नाडी 72. उभा केला, दोन मिनिटांत 108, आठव्या मिनिटाला 116. ऑक्सिजन 98 च. पावलं जांभळट दिसत होती. हे हृदयाचं आहे की नसांचं? एमआरआयसाठी पुण्याला न्यावं का?

प्रतिसाद 1
डॉक्टर नाही, पण बायकोचं हेच झालं, निदानाला सात महिने गेले. नाव 'पॉट्स'. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात-पायांत उतरतं. रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलणाऱ्या नसांचा (मज्जातंतूंचा) ताबा सुटला की हृदय पळून भरपाई करतं. हृदय ठणठणीत, म्हणून इकोत काही सापडत नाही. दहा मिनिटांत नाडी 30 नं वाढली आणि बीपी पडलं नाही तर संशय घ्यायचा. तुमची 44 नं वाढली आहे! बीपीही मोजा, आकडे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

प्रतिसाद 2
फिजिशियन आहे. पॉट्सची शक्यता दिसते, पण न तपासता शिक्का मारणार नाही. कोरोनात रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं, गुठळ्या होतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा 2022 चा अभ्यास सांगतो की घरीच बरे झालेल्यांतही पुढचं वर्षभर हार्ट अटॅक, पक्षाघात, ठोक्यांची गडबड यांचं प्रमाण जास्त होतं. म्हणून 24 तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचा छोटा ईसीजी) करून घ्या. ट्रोपोनिन-इको स्वच्छ असेल आणि छातीत दुखत नसेल तर एमआरआयची घाई नको. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला किंवा एकाच पोटरीला सूज आली तर थेट इमर्जन्सी.

पॉट्सच निघालं तर उपचार नेमका उलटा : पाणी भरपूर, मीठ जास्त, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, व्यायाम झोपून किंवा बसून. बीपी नॉर्मल असेल तर मीठ तोडायचं काहीच कारण नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. बीपी झोपून 118/76, उभारल्यावर 122/82. होल्टर सोमवारी लावतोय. आईला फिजिशियनसाहेबांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण रात्री कडक भाकरीसोबत शेंगाचटणीची बरणी ताटाशी आली.