गोळीच्या आधी रक्त तपासा

ताई, दाजी निवृत्त होऊन परभणीचं घर सोडून संभाजीनगरला लेकाकडे आले अन् दोन महिन्यांतच गप्पगप्प झाले, या तुमच्या प्रश्नावर इथं कुणीतरी थेट झोपेची गोळी सुचवलीय. ती नको. आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघा. त्यात गडबड असली तरी माणूस असाच मलूल होतो. मग मानसोपचारतज्ज्ञ. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत ५ ते ९ गुण म्हणजे सौम्य नैराश्य. पण नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथं ‘हो’ आलं तर गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सौम्य असेल तर बहुधा समुपदेशन अन् ठरलेली दिनचर्या यावर भागतं. रोज भाजी आणायला धाडाच, मन लागो न लागो. (देवऋषी सुचवणाऱ्या काकूंना चहा पाजून वाटेला लावा.) टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.