सिरॅमिक कोटिंग आधी की ब्रेक ऑइल? गाडीवरच्या खर्चाचा क्रम

धागाकर्ता, गंगापूर रोड

दसरा तोंडावर आला की नाशिकमधल्या आपल्या हौशी गाडीवाल्यांची सगळी बोलणी कोटिंग, पॉलिश आणि सीटच्या सफाईभोवती फिरू लागतात. या हौसेबद्दल माझ्या मनात आकस नाही, मीही त्यातलाच आहे. पण आपल्या खर्चाचा क्रम उलटा झाला आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते कसारा घाटात बनले आहे.

२०२२ मध्ये गाडी घेतली, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी बावीस हजार रुपयांचे सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा पातळ संरक्षक थर, करून घेतले. दोन वर्षांच्या सर्व्हिसला जॉब कार्डावर, म्हणजे केलेल्या कामांच्या यादीवर, ब्रेक ऑइल बदलल्यापुढे बरोबरची खूण होती, तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो. २०२५ च्या मे महिन्यात घरच्यांना घेऊन मुंबईला निघालो. घाटात मालट्रकांच्या मागे सारखे ब्रेक दाबत उतरत असताना पेडल एकाएकी मऊ पडले आणि नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले. दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्या ओढीवर वेग मोडत मी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने, चाके निवल्यावर, पेडल पुन्हा घट्ट झाले. नाशिकला परतल्यावर ओळखीच्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले, तर आत कोऱ्या चहाच्या रंगाचे तेल होते. नवे तेल फिकट मधासारखे असते, म्हणजे ते कधीच बदलले गेले नव्हते.

पायाचा जोर चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारे हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापतात, तेल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. त्याचा खर्च माझ्या कोटिंगच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. पैसे मोजकेच असतील तर आधी ब्रेक, टायर आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), मग चकाकी, असे मला वाटते. आपले मत अवश्य मांडावे.

प्रतिसाद, इंदिरानगर

आपल्यावर घाटात जो प्रसंग आला तो वाचून खरोखर काळजी वाटली. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. दोष कोटिंगचा नव्हता. काम न करता खूण करणाऱ्याचा होता आणि झाकण उघडून न पाहणाऱ्या आपणा सर्वांचा होता.

रंगकामाला आपण ‘चकाकी’ म्हणून बाजूला सारता, हे मला पटत नाही. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारा थर तोच. एप्रिलच्या चाळीस अंशांच्या उन्हात बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा दिवसभर राहिली की या थरावर कायमचा डाग उमटतो. द्राक्षबागांच्या कडेला गाडी उभी करणाऱ्यांना फवारणीचे निळसर ठिपके परिचयाचे असतील. कोटिंगमुळे अशी घाण पक्की धरत नाही आणि धुताना सहज सुटते. खड्यांचा मार ते अडवत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो; त्यासाठी रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते.

आता मूळ मुद्दा. आमच्या सोसायटीत पहाटे येणारा मुलगा एकाच बादलीत वीस गाड्यांचे फडके पिळतो. तिसऱ्या गाडीनंतर त्या पाण्यात रेतीच असते आणि तीच पुढच्या दरवाजावर घासली जाते. उन्हात तिरके पाहिले की दिसणारे ते कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे असेच पडतात. मी दर रविवारी दोन बादल्या घेऊन स्वतः गाडी धुतो, एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. असाच चाक धुताना खाली वाकलो तेव्हा डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झालेली दिसली. बाहेरून टायर नवा वाटत होता. चाकांची अलाइनमेंट, म्हणजे त्यांचा सरळपणा, बिघडल्याचे मला कोणत्याही सर्व्हिसने सांगितले नाही, बादलीने सांगितले. जो माणूस आपल्या गाडीवरून हात फिरवतो त्यालाच तिचे दुखणे आधी कळते. म्हणून हौस आणि देखभाल यांत पहिले-दुसरे लावणे मला मान्य नाही.

प्रतिसाद, सातपूर

मी औद्योगिक वसाहतीजवळ गॅरेज चालवतो आणि या वादात धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. इंदिरानगरकरांसारखे स्वतः वाकून गाडी धुणारे माझ्याकडे फारच थोडे येतात; बहुतेकांची हौस पैसे देऊन झालेली असते, त्यांचा हात गाडीला लागलेलाच नसतो.

वर क्लिअर कोटची जाडी सांगितली गेली, तर तिचा दुसरा अर्थही सांगायला हवा. कंपाउंड, म्हणजे घासणारी पेस्ट, लावून मशीनने पॉलिश करणे म्हणजे हाच थर घासून कमी करणे. जोरात घासले तर एका वेळेला दोन-चार मायक्रॉन सहज जातात. तो थर पुन्हा वाढत नाही. तरीही दर सहा महिन्यांनी पॉलिश करा असे सांगणारे आहेत आणि ऐकणारेही आहेत.

शिवाय गंज वरून कमी आणि आतून जास्त येतो. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. पावसाळ्याच्या अखेरीस ती चिखलाने बुजतात. काचेवरून आत उतरलेले पाणी दरवाजातच साचते आणि पत्रा आतून सडतो. मागच्याच महिन्यात आरशासारखी चमकणारी एक गाडी आली. मी भोकात बांबूची काडी घातली, तर पेलाभर तांबूस पाणी माझ्या हातावर आले. मालक बघतच राहिले. या कामाला काडी पुरते, पण ते कोणाच्याही पॅकेजमध्ये नसते.

कुलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की असे करू नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये धरतात आणि मग उन्हाळ्यात गाडी गरम झाल्याची तक्रार घेऊन तुम्हाला माझ्याकडेच यावे लागते.

प्रतिसाद, पंचवटी

दोन्ही बाजू वाचल्या. देखभालीच्या नावाखालीही अनावश्यक गोष्टी विकल्या जातात, हे येथे कोणीच म्हटले नाही म्हणून लिहिते. इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे), इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई, दर पाच हजार किलोमीटरला इंजिनचे तेल बदलणे, हे सगळे काळजीच्या स्वरात गळ्यात मारले जाते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे स्पष्ट लिहिले आहे. मात्र त्याच पुस्तिकेत पुढे लिहिलेले आहे की रोज थोड्याच अंतराच्या फेऱ्या होत असतील तर तेल लवकर बदलावे, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि तेलातला ओलावा उडून जात नाही. मुलांना शाळेत सोडून परत येणे एवढाच माझा रोजचा प्रवास असल्यामुळे ती ओळ मला लागू आहे. क्रम ठरवायचाच असेल तर तो दुकानदाराला किंवा मेकॅनिकला विचारण्याऐवजी या पुस्तिकेत पाहावा.

आणि एक गोष्ट. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून आपण कसारा घाट टाळून जातो. या महामार्गावर चढा वेग बराच वेळ टिकतो. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि तापते. त्यामुळे ब्रेकच्याही आधी मी टायर धरीन. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदलणे कायद्यानेही आवश्यक आहे.

धागाकर्ता, गंगापूर रोड

टायरबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य. घाटाबद्दल मात्र नाही, कारण वणीला गडावर जाताना बोगदा नाही. इंदिरानगरकरांची बादलीची गोष्टही मला पटली. फक्त बादलीला बावीस हजार लागत नाहीत.

प्रतिसाद, इंदिरानगर

हे खरे आहे. काल रात्री मी माझ्या फाईलमध्ये ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले याची नोंद शोधली आणि ती सापडली नाही. सोमवारी बदलून घेत आहे. रंगाबद्दलचे माझे मत कायम आहे, आणि या कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने मेकॅनिकला बॉनेटच्या कडेवर जाड कापड टाकायला सांगावे. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडून राहिला तर तो रंग फुगवून सोलून काढतो. पुसत बसू नये, लगेच भरपूर पाणी ओतावे.

प्रतिसाद, सातपूर

कापड मी नेहमीच टाकतो. सोमवारी सकाळी लवकर आणा, इंजिन थंड असताना.