गाडी थांबली की एसी गरम हवा मारतोय, घरी काय करता येईल?

भावांनो, 2014 ची पेट्रोल गाडी हाय, पळताना बरं गार लागतंय पण कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलं की नुसती भट्टी. गॅरेजवाला बॉनेट न उघडताच एसीचा गॅस भर म्हणतोय. भरू का?

उद्यमनगरकर: गॅस काय पेट्रोलगत जळून संपत नाही, कमी झाला म्हंजे कुठंतरी लीक आहे, ते न शोधता भरला तर पैसे पाण्यात. तुझं दुखणं कंडेन्सरच्या (पुढची जाळी, जिथं एसीचा गॅस गार होतो) फॅनचं वाटतंय. एसी लावून बघ फिरतोय का, नसेल तर आधी फ्यूज मग रिले (फॅनला करंट देणारा स्विच). हात लांब ठेव, अचानक सुरू होतंय ते.

पन्हाळारायडर: जाळी पण धू, उसाचं पाचट, चिखल, काय काय अडकतंय (आमच्यात सीझनला हेच). साधी पाइप वापर, प्रेशरनं फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. आणि गॅसचा पाइप घरी खोलू नको, तो गॅस, आर-134ए, उणे 26 डिग्रीला उकळतो, कातडी गोठंल.

गाडीवाला: फ्यूजच उडालेला! 30 अँपिअरचा होता, तेवढाच टाकला, फॅन सुरू. आता घाम फक्त तांबड्या रश्श्याला.

उद्यमनगरकर: परत उडाला तर मोटर तपास, मोठा फ्यूज कोंबू नको, वायरिंग जळंल.