माशीचं टेलोमिअर वेगळंच आहे
सगळ्या कीटकांच्या क्रोमोसोमच्या टोकाला (यालाच टेलोमिअर म्हणतात) टीटीएजीजी हाच डीएनएच्या अक्षरांचा तुकडा रिपीट होतो असं म्हटलं जातं, ते बऱ्याच कीटकांना लागू आहे, रेशीमकिडा, मधमाशी वगैरे (आपल्यात एक जी जास्त, टीटीएजीजीजी), पण ट्रायबोलियम भुंगेऱ्यात टीसीएजीजी आहे आणि ड्रॉसोफिला माशीत (फळमाशीत) तर असा छोटा रिपीटच नाही! तिच्यात असे रिपीट जोडून टोकं लांब ठेवणारं टेलोमरेझ एन्झाइमच नाहीये, मग टोकं झिजत गेली की हेट-ए, टार्ट, टाहरे नावाचे उड्या मारणारे जीन्स तिथे येऊन चिकटतात आणि लांबी भरून काढतात, म्हणजे एरवी ज्यांना जीनोममधले परजीवी म्हणतात तेच इथे टोकं सांभाळतात, मला हे फार भारी वाटतं. आणि गंमत बघा, १९३८ मध्ये हर्मन मुलर यांनी टेलोमिअर हे नाव दिलं ते याच माशीवर एक्स-रे मारून केलेल्या कामातून.