मावशीच्या रिपोर्टात ‘हर-टू २+’ आलंय, म्हणजे नक्की काय?

अशोकचौक_सोलापूर
नमस्कार. माझी मावशी ५२ वर्षांची, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. छातीत गाठ लागली म्हणून सुईची बायोप्सी केली. रिपोर्टात ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू २+ आणि पुढे ‘इक्विव्होकल’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले फिश करा, ब्लॉक पुण्याला पाठवावा लागेल. बाहेर गर्दी होती, जास्त विचारता आलं नाही. मावशीला दोन मुली आहेत. ती सारखं एकच विचारते, हे माझ्याकडून पोरींत गेलं असेल का? मी कॉमर्सची, साधं करून सांगा.

जुळेसोलापूर_लॅब
ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अशा स्लाइड रोज रंगवते. आधी मावशींच्या प्रश्नाचं. हर-टू वाढणं हा गाठीतल्या पेशींमध्ये नंतर झालेला बदल असतो. तो आईकडून मुलीकडे जात नाही. हे त्यांना आजच सांगा, त्या उगाच स्वतःला दोष देत बसल्या असतील.

आता हर-टू काय करतं ते. हे पेशीच्या पडद्यात रोवलेलं प्रथिन आहे. अशा बहुतेक प्रथिनांना बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटला तरच निरोप आत जातो. हर-टूला चिकटणारा रेणू मात्र आजवर सापडलेला नाही, ते कायम जोडी जमवायला तयार असतं. दुसऱ्या हर-टूशी किंवा शेजारच्या हर-थ्रीशी जोडी जमली की आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढतात आणि निरोप मुख्यतः दोन वाटांनी निघतो. रास-मॅपके वाटेने पेशीला विभागायला सांगितलं जातं, पीआय३के-एकेटी वाटेने जगत राहायला. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती, म्हणून प्रथिन बेताचं. गाठीत १७ व्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकाच्या प्रती वाढल्या की पडद्यावर प्रथिनांची दाटी होते, जोड्या आपोआप जमतात, आणि कुणी न सांगता पेशी वाढत सुटते. स्तनाच्या १०० कॅन्सरमध्ये साधारण १५ ते २० असे असतात.

आम्ही चढवतो तो तपकिरी रंग पेशीच्या कडेला गर्द आणि सलग दिसला तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ ला नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही, तेच ‘इक्विव्होकल’. फिशमध्ये थेट जनुकाच्या प्रती मोजतात, चमकणाऱ्या ठिपक्यांच्या रूपात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फिश निगेटिव्ह आलं तर गाठ ट्रिपल निगेटिव्ह ठरेल, म्हणजे ईआर, पीआर (हे दोन हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह, आणि मग डॉक्टर बीआरसीए जनुकाची तपासणी सुचवू शकतात. ती आनुवंशिक बाब आहे, मुलींचा प्रश्न तेव्हा पुन्हा विचारायचा.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तुम्हीच नेणार असाल तर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात मेण मऊ पडतं. तो खराब झाला तर मावशींना परत सुई टोचावी लागेल.

बाळीवेस_७७
आईचं फिश पॉझिटिव्ह होतं. ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूला अडवणारं औषध, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून, वर्षभर. भारतात बनणारी बायोसिमिलर (त्याच्यासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं) आता मिळतात, मूळ औषधाहून स्वस्त. हृदयाकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दर तीन महिन्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एका इकोत आईच्या हृदयाचं पंपिंग कमी दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि सुधारल्यावर पुन्हा सुरू केलं. इको चुकवू नका. रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते सुरुवातीलाच विचारा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे, तेही ध्यानात असू द्या.

अशोकचौक_सोलापूर
दोघांचेही आभार. मावशीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. घरचे म्हणतात फिशची वाट कशाला बघायची, ऑपरेशन उरकून टाकू.

जुळेसोलापूर_लॅब
नका घाई करू. पॉझिटिव्ह आलं तर कधीकधी केमो आणि हे औषध ऑपरेशनच्या आधी देतात, गाठ लहान करायला. क्रमच बदलतो. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा, आणि ब्लॉक उद्याच पाठवा.