बलात्काराच्या प्रयत्नाच्या खटल्यात आरोपीचा हेतू अपिलात कसा तपासला जातो?

प्रश्न : कायद्याची विद्यार्थिनी, फोंडा

सर्व जाणकारांना नमस्कार. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पर्वरीला उच्च न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकते. सत्र न्यायालयाने बलात्काराच्या प्रयत्नासाठी दिलेली शिक्षा अपिलात विनयभंगापर्यंत खाली आल्याचे काही निकाल मी वाचले. घटना तीच, पीडितेची साक्ष तीच आणि तिच्यावर दोन्ही न्यायालयांनी विश्वासही ठेवलेला. तरीही एका न्यायालयाला आरोपीचा हेतू बलात्काराचा दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही. मनातली गोष्ट कोणी पाहिलेली नसताना अपील न्यायालय ती कशावरून ठरवते?

उत्तर : वकील, म्हापसा

हेतूचा थेट पुरावा जवळजवळ कधीच मिळत नाही, तो कृतीवरूनच ताडावा लागतो. आपण वाचलेल्या निकालांत मात्र खरा वाद बहुधा पुढच्या पायरीवर असतो : आरोपीची कृती तयारीची हद्द ओलांडून प्रयत्नात शिरली होती का? केवळ तयारी बहुतेक गुन्ह्यांत शिक्षापात्र नसते. 1997 च्या मदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तयारी आणि प्रयत्न यांतला फरक मुख्यतः निश्चयाच्या तीव्रतेचा असतो. 2004 च्या कोप्पुला वेंकटराव प्रकरणात, आरोपी काहीही झाले तरी संभोग करण्याच्या निश्चयाने वागत होता हे दाखवणारा पुरावा नाही, असे ठरवून दोषसिद्धी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील विनयभंगाच्या कलम 354 खाली आणली गेली.

याच्या उलट 2021 चा मध्य प्रदेश राज्य विरुद्ध महेंद्र ऊर्फ गोलू हा निकाल आपण मुळातून वाचावा. उच्च न्यायालयाने तिथेही गुन्हा विनयभंगापर्यंत खाली आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या कृती क्रमाने मांडल्या : मुलींना आमिष दाखवून घरात नेणे, दार लावून घेणे, कपडे उतरवणे आणि त्यापुढची शारीरिक कृती. हे सारे तयारीच्या पलीकडे गेले असून हेतू त्यातून स्पष्ट होतो, असे सांगून न्यायालयाने प्रयत्नाची दोषसिद्धी आणि पाच वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली.

शिक्षेतला फरकही मोठा आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 खाली विनयभंगाला एक ते पाच वर्षे शिक्षा होते. प्रयत्नासाठी कलम 62 प्रमाणे मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा देता येते आणि त्या हिशेबासाठी जन्मठेप वीस वर्षांची धरली जाते. कपडे उतरवण्याच्या हेतूने केलेल्या हल्ल्याचे कलम 76 या दोहोंच्या मध्ये आहे. ते अनेकदा विसरले जाते.

उत्तर : निवृत्त सरकारी अभियोक्ता, डिचोली

वकीलसाहेबांनी कायदा नेमका मांडला आहे. मला बोलायचे आहे ते पुराव्याबद्दल, कारण अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. न्यायमूर्तींपुढे असतात ते फक्त कागद. सरतपासणीत, म्हणजे सरकारी पक्षानेच घेतलेल्या पहिल्या साक्षीत, पीडितेला ‘त्याने जबरदस्ती केली’ एवढ्यावर थांबवले, तर पुढे त्या एका वाक्यातून निश्चय शोधायचा कसा? कडी आतून लावली होती का, तो काय बोलला, तिने विरोध केल्यावर तो मागे सरला की त्याने जोर वाढवला, आणि शेवटी थांबला तो स्वतःहून की कोणाची चाहूल लागल्यामुळे, हे प्रश्न संयमाने आणि तिचा मान राखून विचारलेच पाहिजेत. शेवटचा प्रश्न मी सर्वांत मोलाचा मानतो. शेजारीण ओरडत आली म्हणून जो पळाला, त्याचा निश्चय तोपर्यंत ढळलेला नव्हता असे म्हणायला आधार मिळतो.

घटनास्थळाचा पंचनामा, फाटलेल्या कपड्यांची जप्ती आणि पीडितेने घरी पोहोचताच आईला काय सांगितले, याने ही साखळी पक्की होते. अंगावर जखम नसल्यामुळे खटला पडत नाही. तरीही हेतूबद्दल वाजवी शंका खरोखर उरत असेल, तर तिचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. अभियोक्ता म्हणूनही मी हेच मानत आलो.

विद्यार्थिनी, फोंडा

आपणा दोघांचे मनापासून आभार. पीडिता अल्पवयीन असेल तर हेतू गृहीतच धरला जातो ना? आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या मार्च 2025 च्या आदेशाकडे कसे पाहावे?

वकील, म्हापसा

पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 30 नुसार दोषी मानसिकता गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे आरोपीला वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. मात्र कृती घडली हे मूळ तथ्य आधी सरकारी पक्षालाच सिद्ध करावे लागते. गृहीतक मिळाले म्हणून साक्षीत ढिलाई चालत नाही.

अलाहाबादचा आदेश अपिलातला नव्हता, समन्सच्या टप्प्यावरचा होता. त्या टप्प्यावर प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का एवढेच पाहायचे असते. पायजम्याची नाडी तोडून मुलीला पुलाखाली ओढू पाहणे म्हणजे प्रयत्न नव्हे, असा निष्कर्ष तिथे काढला गेला. माझ्या मते तो त्या टप्प्यावर तर मुळीच टिकणारा नव्हता, आणि सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 2025 रोजी त्याला स्थगिती दिली. पुढचे अपील हाती आले की निकालपत्राआधी पीडितेची सरतपासणी आणि उलटतपासणी वाचा, आरोपीची प्रत्येक कृती क्रमाने लिहून काढा आणि तो कोणत्या कृतीवर व कशामुळे थांबला तिथे खूण करा. युक्तिवाद तिथूनच सुरू करावा लागतो.